वॉल्ट डिस्ने

वॉल्ट डिस्ने यांचा जन्म ५ डिसेंबर १९०१ रोजी अमेरिकेतील शिकागो शहरात झाला. लहानपणी ते पहाटे उठून, बर्फातून चालत घरोघर वर्तमानपत्रे टाकीत. १९२८ साली त्यांचा मिकी माऊस सिनेमात आला. १९५५ साली त्यांनी डिस्नेलँड ही खेळांची मोठी बाग सुरू केली.

तिथं गुराख्याचा वेश केलेला एक कामगार रॉकेटच्या भागातून चाललेला त्यांना दिसला, असे सांगतात. ते त्यांना खटकले. म्हणून फ्लोरिडातील नव्या बागेत कामगारांसाठी खालून बोगदे केले. तिथं खणलं की लगेच पाणी लागतं. मग बोगदे जमिनीवरच बांधले आणि वर माती टाकून बाग केली. कामगार खालूनच ये-जा करतात. ही बाग १९७१ साली सुरू झाली. पण डिस्ने १५ डिसेंबर १९६६ रोजीच वारले होते. त्यांना ती बघायला मिळाली नाही.

माझे वडील जत्रेत हाताने पाळणा फिरवतात. रात्री त्यांचे हात लई दुखतात. पाळण्यातली पोरं त्यांच्याकडं बघत पण नाहीत. मी पण बघत नव्हतो. आता बघतो.

– इयत्ता चौथी