एड्सगर डायक्स्ट्रा

इ. स. १९५७ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅम शहरात एका तरुणाचा विवाह ठरला. नेदरलंड्‌स देशातील पद्धतीप्रमाणे विवाहाची नोंद करताना वराला आपला व्यवसाय सांगावा लागे. या तरुणाने आपला व्यवसाय ‘प्रोग्रॅमर’, म्हणजे संगणकासाठी आज्ञावली रचणारा, असा सांगितला. नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांनी असा काही व्यवसाय असतो हेच मानले नाही. शेवटी नोंदवहीत त्याला ‘सैद्धान्तिक भौतिकशास्त्रज्ञ’ असे लिहावे लागले. पाच वर्षे तो ज्या कामात गढून गेला होता, त्या कामाला अजून नावही नव्हते! हा तरुण म्हणजे एड्सगर डायक्स्ट्रा.

त्याचा जन्म ११ मे १९३० रोजी रॉटरडॅम येथे झाला. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक होते आणि आई गणिती होती. आईचा त्याच्या मनावर विशेष ठसा उमटला. एकदा त्याने तिला त्रिकोणमिती अवघड असते का, असे विचारले. सूत्रे नीट पाठ असावीत, आणि उदाहरण पाच ओळींपेक्षा लांबले तर आपली वाट चुकली असे समजावे, अशा आशयाचे उत्तर तिने दिले. मुलगा हे कधी विसरला नाही. उत्तर नुसते बरोबर असून भागत नाही, ते नेटकेही असावे लागते, ही गोष्ट त्याला घरीच कळली.

शाळेत असताना कायद्याचा अभ्यास करून संयुक्त राष्ट्रसंघात आपल्या देशाचे प्रतिनिधित्व करावे, असे त्याच्या मनात होते. परंतु गणित व शास्त्र या विषयांत त्याला उत्तम गुण मिळाले आणि तो लायडन विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकू लागला. १९५१ साली इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे आज्ञावली रचण्याचा एक अल्पकालीन वर्ग भरला होता. त्या वर्गाला तो गेला आणि त्याच्या आयुष्याला नवे वळण लागले. पुढल्याच वर्षी अ‍ॅम्स्टरडॅमच्या गणित केंद्रात त्याला काम मिळाले. भौतिकशास्त्र आणि आज्ञावली या दोन दगडांवर पाय ठेवून तीन वर्षे गेली. मनाची ओढ एकीकडे, तर प्रतिष्ठा दुसरीकडे! या नव्या कामाला शास्त्राचा भक्कम पाया नाही, याची त्याला लाज वाटे. त्याने आपली व्यथा केंद्रातील वरिष्ठ गणिती व्हान वाइनगार्डन यांच्यापुढे मांडली. त्यांनी शांतपणे सारे ऐकून घेतले. पाया नसेल तर तो घालणाऱ्यांपैकी एक आपणच का होऊ नये, असा विचार त्यांनी त्याच्यापुढे ठेवला. त्या खोलीतून डायक्स्ट्रा बाहेर पडला, तो निश्चय करूनच.

१९५६ साली केंद्रात एक नवा संगणक तयार झाला. त्याची करामत लोकांना समजेल अशा रीतीने दाखवायची होती. एका शहरातून दुसऱ्या शहरी जाण्याचा सर्वांत जवळचा रस्ता संगणकाने शोधून दाखवावा, असे डायक्स्ट्राने योजिले. एके दिवशी वाग्दत्त वधूबरोबर बाजारहाट करून दोघेही दमली आणि कॉफी पिण्यासाठी एका उपाहारगृहाबाहेर बसली. तेथे कागद-पेन्सिलही जवळ नसताना अवघ्या वीस मिनिटांत त्याला या प्रश्नाची युक्ती सुचली. प्रात्यक्षिकासाठी त्याने नेदरलंड्‌समधील ६४ शहरे निवडली. ही युक्ती १९५९ साली छापून आली आणि जगभर त्याच्याच नावाने ओळखली जाऊ लागली.

परंतु त्याच्या खऱ्या जीवितकार्याचे मूळ एका भीतीत होते. कारेल शोल्टेन वगैरे त्याचे सहकारी ‘एक्स-१’ नावाचा संगणक बांधीत होते. एक काम चालू असताना मध्येच त्याला थांबवून दुसऱ्या कामाकडे लक्ष देण्याची सोय या यंत्रात असणार होती. हे ऐकून डायक्स्ट्रा घाबरला. असा खंड नेमका कोणत्या क्षणी पडेल ते सांगता येणार नाही. मग त्यातून चूक घडली, तर ती पुन्हा घडवून पाहणार कशी आणि दुरुस्त करणार कशी? तीन महिने तो मान्यता देईना. पुढे मित्रांच्या आग्रहाला वश होऊन त्याने ते काम पत्करले. १९५९ साली डॉक्टरेटसाठी प्रबंध लिहिला तोही याच विषयावर! त्या धास्तीतून एक गोष्ट त्याच्या मनात पक्की रुजली: आज्ञावली नुसती तपासून पाहणे पुरेसे नाही. तपासणीत चूक सापडली तर चूक आहे एवढे कळते. पण चूक सापडली नाही, म्हणजे ती नाहीच असे ठरत नाही.

मग खात्री पटावी कशी? शोल्टेनने रचलेले एक कोडे पाहा. डब्यात काही काळे आणि काही पांढरे मणी आहेत. न पाहता दोन मणी काढावयाचे. दोन्ही एका रंगाचे निघाले, तर ते बाजूला टाकून डब्यात एक काळा मणी घालावयाचा. रंग निराळे असले, तर पांढरा परत ठेवून काळा टाकून द्यावयाचा. प्रत्येक खेपेस एक मणी कमी होतो. तेव्हा शेवटी एकच उरणार. तो कोणत्या रंगाचा असेल? हजार वेळा खेळून पाहिले, तरी एक हजार एकाव्या खेळाबद्दल छातीठोकपणे काही सांगता येत नाही. पण जरा विचार करा. पांढरे मणी कमी होतात ते दोन-दोननेच. एरवी त्यांची संख्या बदलत नाही. म्हणजे आरंभी ते विषम असले, तर अखेरपर्यंत विषमच राहणार आणि शेवटचा मणी पांढरा असणार. सम असले, तर तो काळा असणार. डब्याला हात न लावता सर्व खेळांचे उत्तर मिळाले! आज्ञावलीतही कितीही फेऱ्या झाल्या तरी न बदलणारी अशी गोष्ट शोधावी आणि तिच्या आधारे आज्ञावली अचूक असल्याचे भूमितीतील प्रमेयाप्रमाणे सिद्ध करावे, हा मार्ग रॉबर्ट फ्लॉइड व टोनी होअर या शास्त्रज्ञांनी १९६७ व १९६९ साली दाखविला. डायक्स्ट्राने त्याच्यापुढे पाऊल टाकले. आधी आज्ञावली रचून मग सिद्धता शोधीत बसू नये. दोन्ही हातात हात घालून वाढवाव्यात, असे त्याचे म्हणणे होते. ही पद्धत त्याने १९७६ साली एका ग्रंथात सविस्तर मांडली.

१९६२ साली तो आइंडहोवन येथे गणिताचा प्राध्यापक झाला होता. तेथे त्याने मोजक्या सहकाऱ्यांसह एक अवघड व्यवस्था उभारली. तिच्यात अनेक कामे एकाच संगणकावर एकमेकांचा खोळंबा न करता चालत. त्यासाठी त्याने रेल्वेच्या सिग्नलवरून एक कल्पना उचलली. एका रुळावर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून सिग्नल असतो, तसाच हा प्रकार. १९७२ साली त्याला ट्युरिंग पारितोषिक मिळाले. संगणकशास्त्रात याहून मोठा मान नाही.

तरीही सर्वांना त्याचे म्हणणे पटले नाही. मोठमोठ्या आज्ञावल्यांची सिद्धता करणे कोणाला परवडणार, असा आक्षेप घेण्यात येई, आणि तो अगदीच निराधार नव्हता. शिवाय डायक्स्ट्राची लेखणी फार तिखट होती; तिने अनेकांची मने दुखावली. पण १९९८ साली पॅरिस शहरात चालकावाचून धावणारी भुयारी रेल्वे सुरू झाली, तेव्हा तिच्या सुरक्षिततेची आज्ञावली सिद्धतेसह रचलेली होती. ज्या पद्धतीने ती रचली, तिच्यात डायक्स्ट्राच्या कल्पनांचा मोठा वाटा होता.

१९८४ ते १९९९ या काळात त्याने अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात अध्यापन केले. गंमत अशी, की संगणकशास्त्राच्या या आचार्याने कित्येक वर्षे स्वतःजवळ संगणक बाळगला नाही. तो टाकाने, सुवाच्य अक्षरांत टिपणे लिही, त्यांवर अनुक्रमांक घाली आणि त्यांच्या प्रती थोड्या मित्रांना धाडी. ते आणखी प्रती काढून पुढे पाठवीत. फावल्या वेळी तो पियानो वाजवी. मोट्‌सार्टचे संगीत त्याला अतिशय प्रिय होते. २००२ साली आजारी अवस्थेत तो न्यूनेन या गावी, आपल्या घरी परतला. ६ ऑगस्ट रोजी तेथेच त्याचे निधन झाले. त्याच्या टिपणांची संख्या तेराशेच्या वर गेली होती. शेवटचे टिपण त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यातले आहे.