शास्त्र आणि संचार : पंडिता रमाबाईंचे चरित्र

आज नाताळ. येशू ख्रिस्ताच्या जन्मोत्सवानिमित्त ख्रिस्ती बांधवांच्या घरांतून आणि प्रार्थनामंदिरांतून आनंदाचे दीप उजळले आहेत. या मंगल प्रसंगी एका महाराष्ट्रीय विदुषीचे चरित्र वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. पंडिता रमाबाई यांचे नाव विधवांच्या कैवारी आणि स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या म्हणून शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. तथापि त्यांचे अवघे आयुष्य व्यापून राहिलेला एक प्रश्न क्वचितच चर्चिला जातो. धर्माच्या बाबतीत अखेरचे प्रमाण कोणते मानावे? ग्रंथ, आचार्यपीठ, की एखाद्याच्या मुखातून अकस्मात प्रकटणारी दैवी प्रेरणा? ख्रिस्ती जगात हा प्रश्न गेले शतकभर गाजत आहे, आणि कीर्तन-प्रवचनाची सेवा करणाऱ्या आम्हांसही तो परका नाही.

आमची अंबाजोगाई ही मुकुंदराजांची आणि दासोपंतांची भूमी. ‘विवेकसिंधु’ रचून मुकुंदराजांनी वेदान्त मराठीत आणला. दासोपंतांनी गीतेवर प्रचंड टीका लिहिली आणि पंचीकरणासारखा गहन विषय पासोडीवर मराठीत उतरवून ठेवला. याच भूमीत यात्रेच्या दिवशी अंगात संचार होऊन बोलणारी माणसेही आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. एका बाजूस पोथी, दुसऱ्या बाजूस संचार. या दोहोंची सांगड कशी घालावी, याचा जो निवाडा रमाबाईंनी आपल्या आचरणातून केला, तो कोणत्याही धर्माच्या जिज्ञासूने समजून घ्यावा असा आहे.

पुराणिकाचे घर

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मण. पुण्यास अध्ययन करीत असता पेशव्यांच्या वाड्यात स्त्रीला संस्कृत शिकवले जाते हे त्यांनी पाहिले आणि आपणही घरच्या स्त्रीस विद्या द्यावी हा ध्यास त्यांनी घेतला. गोदातीरी झालेल्या भेटीतून त्यांचा दुसरा विवाह लक्ष्मीबाईंशी झाला. पत्नीस त्यांनी गीर्वाणवाणी शिकवण्यास आरंभ करताच सनातनी मंडळी खवळली. उडुपी येथील धर्मसभेपुढे शास्त्रीबुवांना जाब द्यावा लागला. तेथे त्यांनी रूढीचा कैवार घेणाऱ्यांसमोर ग्रंथांतील आधार मांडले आणि स्त्रीने संस्कृत शिकण्यास शास्त्राची आडकाठी नाही हे प्रतिपादिले. लोकाचारापुढे मान न तुकवता त्याला ग्रंथाच्या कसोटीवर घासून पाहावे, हे बाळकडू रमाबाईंना पित्याकडूनच मिळाले.

सह्याद्रीच्या अरण्यातील गंगामूळ या स्थानी २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. पुढे हे कुटुंब तीर्थाटनास निघाले आणि गावोगावच्या देवळांत पुराण सांगून निर्वाह करू लागले. कन्येस मातेने संस्कृत शिकवले व भागवत तिच्या मुखी बसवले. देवळाच्या ओवरीत पोथी उघडायची, संस्कृत श्लोक म्हणायचे आणि श्रोत्यांनी अक्षता-फुले वाहून पुण्य जोडायचे, असा त्या काळचा परिपाठ होता. अर्थ सांगितला नाही तरी श्रवणाचे फळ मिळते अशी श्रद्धा होती. न कळणाऱ्या भाषेत ऐकलेला धर्म ऐकणाऱ्याच्या हाती काय देतो, हा प्रश्न त्या बालिकेच्या मनात तेथेच रुजला असावा, असे त्यांचे पुढील चरित्र पाहता आम्हांस वाटते.

१८७० नंतरच्या दशकात दुष्काळ पडला आणि मद्रास इलाख्यात भटकणाऱ्या या घराची वाताहत झाली. माता, पिता आणि थोरली भगिनी यांचा अंत झाला. रमाबाई व बंधू श्रीनिवास उपाशीपोटी, अनवाणी, शेकडो कोस चालत राहिले. बीडसारख्या अवर्षणग्रस्त जिल्ह्यातील वाचकांना या यातनांचे वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाही.

प्रमाणाचा शोध

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. वीस वर्षांच्या या युवतीची विद्वत्ता पाहून तेथील पंडितांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. स्त्रियांना त्यांचे धर्म समजावून सांगण्यासाठी तिने धर्मशास्त्राचे परिशीलन करावे असे ठरले. त्या परिशीलनाने विपरीत घडले. इतर बाबतींत परस्परविरोधी बोलणारे ग्रंथ स्त्रियांना व शूद्रांना कमी लेखण्यात मात्र एकमत आहेत, असा निष्कर्ष रमाबाईंनी काढला. हा निष्कर्ष एकांगी आहे, असे आमचे नम्र मत. गीतेच्या नवव्या अध्यायातील भगवंताचे आश्वासन आणि जनाबाईप्रभृती संतस्त्रियांचा अधिकार त्यात जमेस धरलेला नाही. परंतु ज्या स्मृतिवचनांनी त्यांचे मन दुखावले ती वचने ग्रंथांत आहेत, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

१८८० मध्ये बंधू वारले. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. कन्या मनोरमा जन्मली, आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पतीस पटकीने नेले. सिल्चर येथील त्या अल्पकालीन संसारात लूकलिखित शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत त्यांच्या हाती आली होती. पुढे पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला आणि १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तेथे वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या सहवासात असता, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, कन्येसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. काशीचे पंडित व पुढे ख्रिस्ती झालेले नीळकंठशास्त्री तथा नेहेम्या गोरे यांच्या पत्रांचा या निर्णयात वाटा होता.

वाँटेजचा वाद

धर्म बदलला, तरी उडुपीच्या शास्त्र्याची कन्या बदलली नाही. चर्चने ठरवलेली मतांगे जशीच्या तशी स्वीकारावीत असा आग्रह होताच, ती पवित्र शास्त्रात कोठे आहेत असे त्या विचारू लागल्या. त्रैक्याच्या सिद्धान्तावरून त्यांचा आणि त्यांच्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डीन यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. क्रुसावर लॅटिन अक्षरे का असावीत, संस्कृत का नसावीत, हाही त्यांचा आक्षेप होता. आपल्याला न समजणारी देवभाषा मागे टाकून दुसऱ्यांची न समजणारी देवभाषा का पत्करायची, असा त्यामागील विचार दिसतो. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांस शिकवू नये असे बिशपांनी सुचवले, तेव्हाही आपल्या सदसद्विवेकाची किल्ली कोणाच्या हाती देण्यास त्यांनी नकार दिला.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन उघडले आणि पुढील वर्षी ते पुण्यास नेले. विधवांना विद्या देणाऱ्या या संस्थेत मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे होतो या कारणावरून १८९३ मध्ये मोठे वादळ उठले. ‘केसरी’ने कठोर टीका केली आणि रानडे-भांडारकरांसारख्या हितचिंतकांनी सल्लागारपद सोडले. सदनात धर्मप्रचार होणार नाही या विश्वासावर मुली पाठवणाऱ्या पालकांची व्यथा खोटी नव्हती. तसेच त्याच सदनातील गोदूबाईंशी धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला आणि महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणास नवे बळ मिळाले, हेही तितकेच खरे.

केडगावचा जागर

पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगाव येथे रमाबाईंनी जमीन घेतली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो निराधार मुली आणल्या. १९०० च्या सुमारास गुजरातेतील दुष्काळपीडित मुलींची भर पडून ‘मुक्ती’ची वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली. आपण ज्या दुष्काळातून वाचलो, त्याचे ऋण त्या अशा रीतीने फेडीत होत्या.

१९०४-०५ मध्ये वेल्स प्रांतात ख्रिस्ती धर्मजागृतीची मोठी लाट आली. तिची वार्ता ऐकून रमाबाईंनी जानेवारी १९०५ पासून विशेष प्रार्थना आरंभिली. जूनपर्यंत साडेपाचशे जणी दिवसातून दोनदा एकत्र जमू लागल्या. त्या महिन्याच्या अखेरीस एका पहाटे एका मुलीच्या अंगावर ज्वाळा उतरल्याचे दुसरीस दिसले आणि ती पाणी आणावयास धावली, असे तेथील वृत्तान्त सांगतात. पाठोपाठ शेकडो मुली रडू लागल्या, पापांची कबुली देऊ लागल्या, एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. कोणास दृष्टान्त झाले, कोणी देवाचा संदेश म्हणून बोलू लागल्या. पुढे काहींच्या मुखातून अन्य भाषा निघू लागल्या. इंग्रजी न येणाऱ्या मराठी स्त्रीस इंग्रजीत प्रार्थना करताना आपण ऐकले, असे दौंडच्या नॉर्टन नामक मिशनऱ्याने लिहून ठेवले आहे. १९०६ मध्ये अमेरिकेतील लॉस अँजेलिस येथे अशाच घटनांनी जगाचे लक्ष वेधले. केडगावच्या सहकारी मिनी एब्रम्स यांची याविषयीची पुस्तिका दक्षिण अमेरिकेतील चिली देशात पोहोचली आणि तेथे १९०९ मध्ये उसळलेल्या चळवळीस ती प्रेरक ठरली. पेन्टेकॉस्टल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागतिक प्रवाहाचा एक स्वतंत्र झरा म्हणून अभ्यासक आज केडगावचा उल्लेख करतात.

प्रेमाची कसोटी

अनेक मिशनऱ्यांना हा गलबला रुचला नाही. हा उन्माद आहे, यात शिस्त नाही, अशी टीका झाली. येथे रमाबाईंच्या विवेकाची परीक्षा होती. त्या मुलींना त्यांनी गप्प बसवले नाही. पवित्र आत्म्याला भारतीयांमध्ये भारतीय रीतीने कार्य करण्याची मोकळीक असावी, पाश्चात्त्यांच्या संयत उपासनेचे माप त्यांना लावू नये, अशी त्यांची भूमिका होती. जन्मभर जिला कोणी बोलू दिले नाही अशी अनाथ, बहुधा निरक्षर मुलगी प्रथमच देवाच्या नावाने बोलत आहे, हे त्या जाणून होत्या.

परंतु बोलणारीचे बोलणे हेच प्रमाण, असेही त्यांनी मानले नाही. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात संदेश देणे व अन्य भाषा बोलणे या दानांचा विचार आहे. संदेश देणाऱ्यांनी क्रमाने बोलावे, इतरांनी ते पारखावे, आणि सर्व दानांहून प्रेम श्रेष्ठ, असा त्याचा आशय आहे. रमाबाई याच मर्यादेत उभ्या राहिल्या. अन्य भाषा बोलणे हे आत्म्याच्या अभिषेकाचे अनिवार्य चिन्ह आहे हे मत त्यांनी स्वीकारले नाही. ईश्वरी प्रेम हेच आवश्यक चिन्ह, मात्र अन्य दाने त्याज्य नव्हेत, असे त्यांनी १९०७ मध्ये प्रतिपादिले. आमच्या मीमांसकांनी श्रुती आणि स्मृती यांच्या विरोधात श्रुती बलीयसी मानली, त्याचे येथे स्मरण होते. नव्या वाणीस स्थान आहे, पण तिने मूळ ग्रंथापुढे साक्ष द्यावयाची असते.

अखेरचा ग्रंथ

तथापि एक अडचण उरतेच. ज्याला ग्रंथ वाचता येत नाही, त्याने संदेष्ट्याची पारख कशी करावी? मोठ्याने बोलणाऱ्याच्या स्वाधीन होण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. मग संदेष्टा गेला तर पुरोहित येतो, पुरोहित गेला तर बुवा येतो, आणि श्रोता आहे तेथेच राहतो. रमाबाईंनी या अडचणीवर उपाय केला, आणि तोच त्यांच्या उत्तरायुष्यातील सर्वांत मोठा उद्योग ठरला. मराठीत बायबलचे भाषांतर पूर्वीच झाले होते. परंतु त्यातील संस्कृतप्रचुर शब्द खेड्यातील स्त्रीस उमगत नाहीत, आणि त्या शब्दांना जुन्या तत्त्वज्ञानाचे भलतेच अर्थ चिकटतात, असे या संस्कृत पंडितेचे मत झाले. म्हणून उतारवयात त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचे अध्ययन केले आणि मुळावरून सोप्या मराठीत भाषांतर आरंभिले. केडगावच्या स्वतःच्या छापखान्यात मुक्तीतील स्त्रियांनीच खिळे जुळवले, पाने छापली, पुस्तके बांधली. ज्या हातांना कोणी पोथीस शिवू दिले नसते, त्या हातांनी धर्मग्रंथ छापला.

जुलै १९२१ मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली. तो आघात सोसून रमाबाई मुद्रिते तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांनी देह ठेवला, तेव्हा भाषांतर त्यांच्या हातून पूर्ण झालेले होते. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. चर्चांमधून तो सार्वत्रिक रूढ झाला नाही. त्याची भाषा विद्वानांस साधी वाटली. पण ती साधी असावी म्हणूनच तो अट्टाहास होता.

आजही जगभरच्या ख्रिस्ती मंडळ्यांत नवे संदेष्टे उठतात आणि त्यांच्या वाणीस शास्त्राच्या तुलनेत किती मान द्यावा याचे वाद झडतात. आपल्याकडेही दरबार भरवणारे व भविष्य सांगणारे काही कमी नाहीत, आणि त्यांच्यापुढे सर्वांत आधी हात जोडते ती दुष्काळाने, आजाराने किंवा कर्जाने गांजलेली माय. आमच्या जिल्ह्यातून दरसाल ऊसतोडीसाठी कोयता घेऊन निघणाऱ्या कुटुंबांतील मुलींचे शिक्षण मध्येच तुटते, तेव्हा त्यांची भाकरी तर हिरावतेच, शिवाय खरेखोटे पारखण्याचे साधनही हिरावते.

रमाबाईंनी स्वीकारलेला मार्ग आमचा नव्हे. तरीही पित्याने उडुपीस जो अधिकार पत्नीसाठी मागितला, तोच कन्येने केडगावी हजारो अनाथ मुलींच्या ओंजळीत घातला, हे पाहून आमचे मस्तक आदराने लवते. अंतरीच्या प्रेरणेला वाट द्यावी, ती ग्रंथाने पारखावी, आणि तो ग्रंथ दुबळ्यातील दुबळ्यास वाचता येईल असा करावा, ही शिकवण धर्माधर्मांच्या सीमा ओलांडणारी आहे. नाताळच्या या पुण्यदिनी त्या विदुषीच्या स्मृतीस आमचे सादर वंदन, आणि समस्त ख्रिस्ती बांधवांस मनःपूर्वक शुभेच्छा.