बाळगोळी आणि ना. म. जोशी

आई दिवसभर गिरणीत आणि तान्हं बाळ चाळीतल्या खोलीत. ते शांत कसं राहणार? शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईत यावर स्वस्त उपाय होता, अफू घातलेली ‘बाळगोळी’. मुंबई सरकारने नेमलेल्या महिला डॉक्टरच्या १९२२च्या पाहणीत कामगार स्त्रियांच्या शंभरातल्या ९८ बाळांना अफू दिली जात असल्याचं आढळलं. अफूने बाळ झोपतं. पण भूक मरते, शौचाला होत नाही, मात्रा वाढली तर श्वासही थांबतो.

याच गिरणगावात नारायण मल्हार जोशी काम करत होते. १८७९मध्ये आजच्या रायगड जिल्ह्यातल्या गोरेगावात त्यांचा जन्म झाला. शिक्षकी सोडून १९०९मध्ये ते भारत सेवक समाजात गेले. १९११मध्ये त्यांनी सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालयं, दवाखाने चालवले. १९२०मध्ये ‘आयटक’ उभारण्यातही ते पुढे होते.

जोशींनी बोट ठेवलं ते कामाच्या अटींवर. बाळंतपणाच्या रजेचं आणि भत्त्याचं विधेयक त्यांनी १९२४मध्ये केंद्रीय विधिमंडळात मांडलं. ते फेटाळलं गेलं. पण १९२९मध्ये मुंबई प्रांताने तसा कायदा केला. पुढे ते कामगारविषयक रॉयल कमिशनचे सदस्य झाले. कमिशनने १९३१मध्ये कारखान्यांत पाळणाघरांची शिफारस केली आणि १९३४च्या कायद्यात त्याची तरतूद आली. १९५५मध्ये जोशी गेले.

बीडमध्ये हे आठवायला कारण आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, मुलंही कोपीवर जातात. शाळा तुटते, झोप अपुरी होते. परतल्यावर असं मूल वर्गात चुळबुळ करतं, चिडतं, हात उगारतं. शहरातलं मूल वेगळ्या कारणाने तसंच वागतं. दोन्हीकडे मग त्याला शांत करणारं औषध मागितलं जातं.

अतिचंचलतेचा आजार खरा आहे. नीट तपासणीनंतर दिलेल्या औषधाचा अनेक मुलांना फायदा होतो. ते मनाने बंद करू नये. पण आधी झोप, भूक, कान, डोळे, भीती आणि घरातला ताण तपासायला हवा. सहा वर्षांखालच्या मुलांत सुरुवात पालकांच्या प्रशिक्षणाने करावी. झोप आणणारं सर्दीचं सिरप मूल गप्प बसावं म्हणून कधीच देऊ नये. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांना मूल जरूर दाखवा.

बाळगोळीने बाळ गप्प झालं, त्याची अडचण तशीच राहिली. आजही गोळी मागण्याआधी मुलाची अडचण विचारायला हवी.