विजारीनिशी उरलेला मुसाफिर

प्रवासाला निघताना घरातली वडीलधारी माणसे एक गोष्ट हमखास बजावतात. सगळे पैसे एकाच ठिकाणी ठेवू नकोस. थोडे पिशवीत, थोडे अंगावर. इब्न बतूता नावाच्या मुसाफिराच्या बाबतीत मात्र या सल्ल्याचा काही उपयोग झाला नसता. त्याला लुटणाऱ्यांनी पिशवीही नेली आणि अंगावरचे कपडेही.

मोरोक्कोतल्या तांजियर गावी १३०४ साली काझींच्या घराण्यात त्याचा जन्म झाला. १३२५ च्या जूनमध्ये, एकविसाव्या वर्षी, मक्केच्या यात्रेसाठी तो एकटाच घराबाहेर पडला. आईवडील हयात होते आणि निघताना त्याचा जीव तुटत होता. ट्युनिस गावात शिरताना बरोबरच्या प्रत्येकाला कोणी ना कोणी सामोरे आले, याची विचारपूस करणारे कोणीच नव्हते. तेव्हा हा बिचारा रडू लागला. यात्रा आटोपून हा पोरगा वर्षा-दोन वर्षांत परतेल असे घरच्यांना वाटले असणार. तो परतला चोवीस वर्षांनी.

मधली सगळी भटकंती इथे सांगत बसत नाही. १३३३ च्या सुमारास तो हिंदुस्थानात आला आणि महंमद तुघलकाने त्याला दिल्लीचा काझी नेमले. सुलतान देताना हात आखडत नसे आणि मारतानाही. एका शेखाच्या भेटीला गेल्याचे निमित्त होऊन इब्न बतूतावर पहारे बसले. त्यातून सुटल्यावर होते नव्हते ते वाटून तो फकिरासारखा राहू लागला. अशा माणसालाच सुलतानाने चीनच्या बादशहाकडे वकील म्हणून पाठवले. शंभर घोडे, शंभर गुलाम, शंभर नाचगाणे करणाऱ्या दासी, कापडचोपड आणि संरक्षणाला हजार स्वार असा लवाजमा १३४२ च्या सुमारास दिल्लीहून हलला.

आणि कोइल, म्हणजे आजचे अलीगढ, गाठले न गाठले तोच घात झाला. तिथल्या चकमकींच्या धामधुमीत हा आपल्या माणसांपासून तुटला आणि धनुष्यबाण घेतलेल्या चाळीसएक जणांनी त्याला घेरले. पळालो तर बाण येतील हे ओळखून त्याने जमिनीवर लोळण घेतली. अंगरखा, सदरा आणि विजार एवढे सोडून बाकी सारे काढून घेण्यात आले. मग तिघांच्या पहाऱ्यात त्याला ठेवले, ते ठार मारण्यासाठी. रात्री त्यातल्या एकाने त्याच्या अंगावर पाय टाकले. पुढे एका तरुणाला दया आली. इब्न बतूताने आपला अंगरखा त्याला दिला, त्याचा विटका निळा कपडा घेतला आणि जीव घेऊन तो झुडपांत शिरला.

पुढचे दिवस त्याने मोहरीचा पाला खाऊन काढले. एका विहिरीवर दोर ना पोहरा. डोक्याचे कापड बांधून त्याने बूटच आत सोडला. तो विहिरीत पडला. मग दुसरा सोडून पाणी काढले, आणि नंतर तोच बूट कापून त्याचे तुकडे पायांना बांधत बसला. इतक्यात हातात लोटा आणि काठी घेतलेला एक काळासावळा माणूस समोर उभा राहिला. त्याने हरभरे आणि तांदूळ खायला दिले, चालवेना म्हणून पाठुंगळीला घेतले. डोळे उघडले तेव्हा इब्न बतूता एका गावात होता आणि तो माणूस निघून गेला होता. गावच्या मुखियाने गरम जेवण घातले आणि कोणीतरी ठेवायला दिलेले कपडे आणून दिले. पाहतो तो काय, कोइलच्या तळावर एका अरबाला यानेच दिलेले ते कपडे!

दुसरा कोणी असता तर तिथूनच घर गाठता. हा पुढे निघाला. वाटेत दौलताबाद पाहिले, नंदुरबारला मराठ्यांचा भात, भाज्या आणि तिळाचे तेल असा आहार टिपून घेतला. सात पिढ्यांचे अंतर असल्याखेरीज ते नात्यात सोयरीक करत नाहीत, हेही त्याच्या नजरेतून सुटले नाही. मात्र कालिकतला रात्रीच्या वादळात सुलतानाच्या भेटींचे जहाज फुटले. जुम्म्याच्या नमाजासाठी हा किनाऱ्यावर थांबला होता म्हणून वाचला. त्याचे सामान आणि दासदासी असलेले दुसरे जहाज त्याला न घेताच निघून गेले. हातात उरले दहा दिनार आणि एक सतरंजी. त्याच्या नुकसानीच्या हिशेबात सामानाबरोबर माणसेही येतात. आज वाचताना ते खटकते, पण त्याला त्यात वावगे वाटलेले दिसत नाही.

दिल्लीला परतायचा धीर नव्हता. मालदीवमध्ये तो काझी झाला, चार लग्ने केली, भांडून निघाला, सिलोनच्या राजाकडून रत्ने मिळवली. आणि होन्नावरकडे येताना चाच्यांच्या बारा नावांनी त्याचे जहाज गाठले. रत्ने, कपडे, शिधा सगळे गेले. विजार तेवढी ठेवून त्यांनी त्याला किनाऱ्यावर उतरवले. कालिकतच्या मशिदीत तो तसाच शिरला. एका पंडिताने अंगरखा दिला, काझीने पागोटे, एका व्यापाऱ्याने आणखी एक वस्त्र.

कपड्यांची भरपाई अशी झाली. पण त्याच लुटीत त्याचे कागद गेले होते. बुखाऱ्यात विद्वानांच्या थडग्यांवरचे लेख त्याने उतरवून घेतले होते, ते आता कायमचे नाहीसे झाले. चाच्यांनी ते समुद्रात फेकले असतील की चूल पेटवली असेल, कोणास ठाऊक. रत्ने परत मिळवता आली असती. बुखाऱ्याला पुन्हा जाणे त्याच्या नशिबी नव्हते.

१३४९ मध्ये तो मोरोक्कोत पोहोचला तेव्हा वडील पूर्वीच गेलेले होते आणि आई नुकतीच प्लेगने गेली होती. पुढे तिथल्या सुलतानाने इब्न जुझाय नावाचा लेखनिक दिला आणि १३५५ मध्ये हा आठवून आठवून सांगत गेला. त्याच्या ग्रंथात सालांचे घोळ आहेत, काही वर्णने आधीच्या एका प्रवाशाच्या पुस्तकातून उचललेली आहेत, चीनपर्यंत तो खरोखर पोहोचला का यावर अभ्यासकांत आजही वाद आहे. विहिरीत पडलेला तो बूट मात्र त्याला कोणाच्या पुस्तकातून घ्यावा लागला नसावा. बुखाऱ्याची हकीकत सांगताना, तिथले लेख हिंदुस्थानच्या समुद्रात लुटले गेले एवढे सांगून तो पुढच्या गावाकडे वळतो.