नगरपालिकेचे सभासद जोतीराव फुले

महात्मा जोतीराव फुले यांचे नाव घेताच १८४८ साली पुण्यात सुरू झालेली मुलींची शाळा आणि १८७३ साली स्थापन झालेला सत्यशोधक समाज या दोन गोष्टी आपल्या डोळ्यांसमोर येतात. त्यांच्या चरित्रातील एका प्रकरणाकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही. १८७६ ते १८८२ या काळात जोतीराव पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. शहराचा पैसा कोठे खर्च व्हावा, कोणत्या धंद्याला परवाना मिळावा, निराधार मुलाची जबाबदारी कोणाची, हे प्रश्न त्यांनी त्या सभागृहात आणि सभागृहाबाहेर धसाला लावले. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या शहरांत राहणाऱ्यांनी तर हे प्रकरण मुद्दाम अभ्यासावे. कारण तेच प्रश्न आज आपल्या दारात उभे आहेत.

११ एप्रिल १८२७ रोजी जन्मलेले जोतीराव केवळ विचारवंत नव्हते, व्यवहारी गृहस्थही होते. सरकारी बांधकामांची कंत्राटे त्यांनी घेतली. खडकवासला धरणाच्या कामाशी त्यांचा संबंध होता. त्यामुळे खर्चाचा अंदाज कसा फुगतो, मजुराच्या हाती किती पडते आणि मधल्यामध्ये किती गळते, याचे ज्ञान त्यांना पुस्तकातून मिळवावे लागले नाही. सार्वजनिक पैशाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी या अनुभवातून घडली असावी.

बालकल्याणाच्या कार्याचा आरंभ त्यांनी नगरपालिकेत जाण्यापूर्वी तेरा वर्षे केला. पुण्यातील एका तरुण ब्राह्मण विधवेने लोकलज्जेपायी आपल्या नवजात अर्भकाचा जीव घेतला आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. कायद्याने आपले काम चोख केले होते. परंतु त्या स्त्रीला मूल जिवंत ठेवून जगता येईल अशी एकही जागा शहरात नव्हती, याचा जाब कोणाला विचारावयाचा? जोतीराव व सावित्रीबाईंनी १८६३ साली आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. गरोदर विधवांनी गुप्तपणे यावे, सुखरूप बाळंत व्हावे आणि मूल बरोबर न्यावे अथवा तेथेच ठेवावे, अशी मुभा देणारी जाहीर पत्रके त्यांनी शहरात लावली. ज्या समाजात ही गोष्ट कुजबुजीनेही बोलली जात नसे, तेथे ती भिंतीवर लिहिणे हेच मोठे धाडस होते.

या गृहाचा हिशेब जोतीरावांनी पुढे १८८४ साली एका टिपणात मांडला. पस्तीस विधवा येथे बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी केवळ पाच जगली. गर्भ पाडण्यासाठी आधी घेतलेल्या जालीम औषधांनी उरलेल्यांचा बळी घेतला होता. आपल्या संस्थेचे अपयश वाटावे असा हा आकडा त्यांनी झाकून ठेवला नाही. आश्रय उशिरा मिळाला तर तो किती निष्फळ ठरतो, हे त्या आकड्याइतक्या स्पष्टपणे दुसरे काहीच सांगू शकले नसते. या गृहात जन्मलेल्या यशवंत नावाच्या मुलाला फुले दांपत्याने दत्तक घेतले.

१८७६-७७ च्या दुष्काळात खेडी ओस पडली आणि आईबापांपासून तुटलेली मुले रस्त्यावर आली. तेव्हा पुण्याजवळ धनकवडी येथे मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम उभारण्यात आला. जोतीरावांनी मदतीसाठी जाहीर आवाहन केले. सावित्रीबाई व सत्यशोधक कार्यकर्ते गावोगावी हिंडून मदत गोळा करीत होते. सरकारचे दुष्काळी काम श्रम करू शकणाऱ्या माणसाला मजुरी देत असे. पण जे अंगमेहनत करू शकत नाही त्या लेकराचे काय, हा प्रश्न नियमांच्या फटीतून खाली पडला होता. तो या कार्यकर्त्यांनी उचलला.

सभागृहातील जोतीरावांची वर्तणूक या पार्श्वभूमीवर समजून घेतली पाहिजे. व्हाइसरॉयच्या भेटीनिमित्त शहर सजविण्यासाठी हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा बत्तीस सभासदांच्या त्या संस्थेत एकट्या जोतीरावांनी विरोध केला. ही रक्कम गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावी, असे त्यांचे म्हणणे होते. प्रस्ताव अर्थातच मंजूर झाला. नगरपालिकेने मोठ्या खर्चाची मंडई बांधण्याचे ठरविले, तेव्हाही प्राथमिक शिक्षणाची उपेक्षा करून हा डोलारा कशासाठी, अशी त्यांची भूमिका होती. पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव देण्यात आले!

१८८० साली शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध त्यांनी नगरपालिकेच्या कार्यकारी प्रमुखांना पत्र लिहिले. एका हाताने आरोग्यावर खर्च करावयाचा आणि दुसऱ्या हाताने आरोग्य व संसार उद्ध्वस्त करणारी दुकाने वाढू द्यावयाची, ही विसंगती त्यांनी नजरेस आणून दिली. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर, परवान्याचे उत्पन्न सरकारी तिजोरीत दिसते, परंतु त्या दुकानाने लादलेला खर्च हजार घरांत विखुरलेला असतो. म्हणून तो कोणत्याच जमाखर्चात उमटत नाही. जोतीरावांनी नेमका हा अदृश्य खर्च सभागृहापुढे ठेवला.

आता आपल्या शहरांकडे वळू. उल्हासनगरचा जन्मच एका निवाऱ्यातून झाला. दुसऱ्या महायुद्धातील कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. आजही तेथील माणूस आपला पत्ता कॅम्पच्या क्रमांकाने सांगतो. त्याच शहरात मे २०२१ मध्ये लागोपाठ दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे मृत्युमुखी पडली. धोकादायक इमारत रिकामी करविण्याचा अधिकार महापालिका अधिनियमाच्या २६८ व्या कलमाने पालिकेला दिला आहे. नोटीस चिकटते, पण सामान उचलून जावयाचे कोठे, याचे उत्तर नोटिशीत नसते. म्हणून कुटुंबे जीव मुठीत धरून तेथेच राहतात.

बेघरांच्या निवाऱ्याविषयी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांतून एक सूत्र पुढे आले व शासकीय योजनेने ते स्वीकारले : दर एक लाख नागरी लोकसंख्येमागे किमान शंभर माणसांचा एक निवारा. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५ लाख ६ हजार, अंबरनाथची २ लाख ५३ हजार आणि कुळगाव-बदलापूरची १ लाख ७४ हजार होती. म्हणजे त्या जुन्या आकड्यांनीही या पट्ट्यात सुमारे नऊ निवारे हवेत. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजारांवर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. संकट पूर्वसूचना देऊन येत नाही, हे सांगण्यास आणखी पुरावा नको.

धूम्रपानाच्या नियमांचीही तीच कथा. २००३ चा केंद्रीय कायदा आणि २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेले नियम यांनुसार सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करणाऱ्यास दोनशे रुपयांपर्यंत दंड आहे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूची विक्री निषिद्ध आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्याने तर मुलाला तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगितली आहे. कायदा दिल्लीत होतो. पण शाळेच्या दारातील टपरी मोजण्याचे काम गावच्या माणसालाच करावे लागते. शंभर यार्डांचे अंतर कोणी टेप धरून मोजले नाही तर संसदेचा शब्द हवेतच राहतो.

बालसुरक्षेचा प्रश्न याहून गंभीर आहे. शाळांत सखी सावित्री समित्या स्थापन कराव्यात, असा आदेश राज्य शासनाने मार्च २०२२ मध्ये काढला. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले, संतप्त नागरिक रेल्वेमार्गावर उतरले आणि उच्च न्यायालयाने आपण होऊन प्रकरणाची दखल घेतली. त्यानंतर शासनाला त्याच समित्यांची पुन्हा आठवण करून द्यावी लागली. मूल सुरक्षित राहण्यासाठी नियमांची उणीव नव्हती. नियम पाळला जातो की नाही हे पाहणारा डोळा नव्हता.

आपल्या महापालिका अधिनियमात कर्तव्यांचे बंधनकारक व ऐच्छिक असे दोन वर्ग आहेत. रस्ते, दिवे, पाणी बंधनकारक. माता-बालसंगोपनाची केंद्रे ऐच्छिक. महिला व बालकल्याणासाठी अंदाजपत्रकाचा पाच टक्के भाग राखून ठेवण्याचे शासनाचे धोरण आहे खरे; पण राखून ठेवलेला पैसा कशावर खर्च झाला, हे विचारणारे नागरिक किती? पालिकेची तिजोरी रिकामी आहे, तिच्यापुढे पिण्याच्या पाण्याचाच प्रश्न बिकट आहे, असा युक्तिवाद केला जाईल. तो खोटा नाही. परंतु पुण्याची तिजोरी १८८० साली भरलेली होती असे नाही. प्रश्न रकमेचा जितका, तितकाच अग्रक्रमाचा असतो, आणि जोतीरावांचा सारा झगडा अग्रक्रमासाठी होता.

त्यांच्या अखेरच्या दिवसांत पक्षाघात आणि आर्थिक ओढाताण यांनी त्यांना ग्रासले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. १८९७ च्या प्लेगमध्ये डॉक्टर झालेल्या यशवंताने पुण्याबाहेर उपचारकेंद्र उघडले. तेथे रुग्णांची सेवा करीत असताना सावित्रीबाईंना त्याच रोगाने गाठले आणि १० मार्च रोजी त्या गेल्या. बालहत्या प्रतिबंधक गृहात वाचलेले एक मूल मोठे होऊन इतरांचे प्राण वाचवीत होते. बालकल्याणावरील खर्चाचा परतावा कसा मोजावा, हे आम्हा अर्थशास्त्राच्या शिक्षकांना नेहमी अवघड जाते. हे उदाहरण त्यासाठी पुरेसे आहे.

एप्रिल आणि नोव्हेंबरमध्ये जोतीरावांच्या पुतळ्यांना हार घातले जातात. त्या प्रथेला विरोध नाही. पण अंदाजपत्रकाच्या सभेच्या दिवशी आपल्या शहरातील शिक्षक, कारकून व विद्यार्थी यांनी आपापल्या नगरसेवकाला तीन प्रश्न विचारावेत : निवारे किती, शाळांजवळच्या किती टपऱ्या हलविल्या आणि बालकल्याणाचे पाच टक्के कोठे गेले? बत्तिसांत एकटा पडण्याची तयारी असलेला सभासद सभागृहात निर्माण व्हावा असे वाटत असेल, तर त्याच्या मागे असे प्रश्न विचारणारे नागरिक उभे असले पाहिजेत.