डॉक्टर हेपबर्न व त्यांची सहधर्मचारिणी क्लाराबाई

जपान देशात निक्को नावाचे एक डोंगराळ गाव आहे. तोकुगावा घराण्यातील पहिला सत्ताधीश इयेयासू याची समाधी तेथे असून सभोवार सुगी नावाच्या उंच वृक्षांची दाट राई आहे. इ. स. 1870 च्या सुमारास, उन्हाळ्याच्या दिवसांत, योकोहामा येथील एक वयस्क अमेरिकन डॉक्टर त्या थंड हवेच्या ठिकाणी गेले. त्या काळी परदेशी मनुष्यास ठराविक हद्दीबाहेर जाण्यास सरकारी परवाना लागत असे, व परवाना मिळाला तरी रात्री उतरावयास कोणी जागा देईलच असा भरवसा नसे. अशा वेळी तेथील देवस्थानात वाद्य वाजविणाऱ्या कानाया झेनइचिरो नावाच्या गृहस्थाने त्यांस आपल्या घरी ठेवून घेतले. डॉक्टरांनी त्याचे उपकार मानले, आणि परदेशी प्रवाशांकरिता आपल्या घरी उतरण्याची सोय करावी, असा सल्लाही त्यास दिला. कानायाने तो मानून 1873 साली प्रवाशांकरिता काही खोल्या उघडल्या. त्याच घरगुती खानावळीतून पुढे उभे राहिलेले कानाया हॉटेल आजही चालू आहे.

हे डॉक्टर म्हणजेच जेम्स कर्टिस हेपबर्न. जपानी लोक त्यांस 'हेबोन' म्हणत. जेथे जावे तेथे काही उपयोगी बीज पेरून यावे, हा त्यांचा स्वभावच होता; परंतु त्याकरिता त्यांनी व त्यांच्या पत्नीने केवढी किंमत दिली, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

हेपबर्न यांचा जन्म 13 मार्च 1815 रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतात मिल्टन गावी झाला. 1836 साली ते वैद्यकीची परीक्षा उत्तीर्ण झाले. 1840 साली क्लारा लीट या सुशिक्षित तरुणीशी त्यांचा विवाह झाला, आणि दुसऱ्याच वर्षी ते उभयता मिशनकार्याकरिता पूर्वेकडे निघाले. प्रथम सिंगापूर व नंतर चीनमधील अमॉय येथे त्यांनी काम केले. परंतु तापाने शरीर खंगल्यामुळे त्यांस स्वदेशी परतावे लागले. न्यूयॉर्क शहरात डॉक्टरांचा धंदा चांगलाच भरभराटीस आला. पैसा आला, नावलौकिक आला. पण घरात मात्र दुःखाने प्रवेश केला. त्यांची तीन लहान मुले एकामागून एक रोगाने दगावली.

अशा वेळी, 1859 साली, जपानची बंदरे परदेशीयांस खुली झाल्याचे वर्तमान आले. डॉक्टरांचे वय तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे होते. पतिपत्नींनी घरदार विकले व जपानचा मार्ग धरला. सॅम्युएल हा चौदा वर्षांचा मुलगा तेवढा उरला होता. त्याच्या शिक्षणासाठी त्यास अमेरिकेतच ठेवावे लागले. ज्या मातेने आपली लेकरे स्वहस्ते मातीआड केली, तिला उरलेल्या एका मुलाचा निरोप घेऊन जहाजावर चढताना काय वाटले असेल, याची कल्पना आमच्या वाचकांतील मातांसच येईल. पुढे मोठा झाल्यावर सॅम्युएलही जपानात आला. परंतु मधली वर्षे गेली ती गेलीच.

जपानात कानागावा येथे एका बौद्ध मंदिरात त्यांनी बिऱ्हाड थाटले. ख्रिस्ती धर्माचा प्रसार करण्यास त्या देशात सक्त मनाई होती. त्या अर्थाचे फलक जागोजाग उभे होते. परदेशीयांविषयी द्वेषही तीव्र होता. 1862 साली जवळच्या नामामुगी गावी काही इंग्रजांवर तलवारीचा हल्ला झाला, तेव्हा जखमी झालेल्यांची शुश्रूषा डॉक्टर हेपबर्न यांनीच केली. मध्यंतरी बाईंसही काही काळ अमेरिकेस परत जावे लागले होते. ज्या कामासाठी सर्वस्व सोडून आलो तेच करण्याची बंदी, अशा स्थितीत दुसरा कोणी निराश होऊन परत फिरला असता.

डॉक्टरांनी निराळा मार्ग धरला. त्यांनी दवाखाना उघडला व रोग्यांस फुकट औषध देऊ लागले. नेत्ररोगावर त्यांचा हात विशेष चाले. हजारांनी रोगी येऊ लागले, तेव्हा अधिकाऱ्यांनी काही महिन्यांतच तो दवाखाना बंद करविला. डॉक्टरांनी योकोहामा येथे राहावयास गेल्यावर तो पुन्हा सुरू केला. रोगी त्यांजकडून औषध घेत, आणि ते रोग्यांकडून शब्द घेत. ऐकलेला प्रत्येक नवा शब्द टिपून ठेवावा, त्याचा अर्थ पारखावा, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. किशिदा गिन्को नावाचा विद्वान जपानी तरुण त्यांचा साहाय्यक होता. अशा रीतीने वीस हजारांहून अधिक जपानी शब्दांचा इंग्रजी अर्थांसह कोश सिद्ध झाला. जपानात छपाईची सोय नसल्यामुळे तो शांघाय येथे छापवून 1867 साली प्रसिद्ध करण्यात आला.

इकडे क्लाराबाईंनी 1863 साली घरीच शिकविण्यास आरंभ केला. त्यांच्यापाशी इंग्रजीचे धडे गिरविलेल्या मुलांपैकी ताकाहाशी कोरेकियो हा पुढे जपानचा मुख्य प्रधान झाला. मुलींच्या शिक्षणाचे पाऊलही त्याच घरी पडले, व त्यातूनच मेरी किडरबाईंनी चालविलेली फेरिस कन्याशाळा उदयास आली. पाहुण्यांस तर हे घर सदैव उघडे असे. इसाबेला बर्ड ही सुप्रसिद्ध इंग्रज प्रवासिनी 1878 साली त्यांजकडेच उतरली होती. इतो नावाचा वाटाड्या तिला तेथेच भेटला, व पुढे निक्को येथे ती त्याच कानायाच्या घरी राहिली.

1873 साली ते बंदीचे फलक उतरविण्यात आले. चौदा वर्षे ज्या दिवसाची वाट पाहिली तो उगवला, तेव्हा भाषेचे साधन हाताशी तयार होते. इतर विद्वानांच्या सहकार्याने पवित्र शास्त्राचे जपानी भाषांतर 1888 साली पूर्णत्वास गेले. मेईजी गाकुइन या विद्यालयाचे डॉक्टर हे पहिले अध्यक्ष झाले. आपल्या कोशाच्या तिसऱ्या आवृत्तीचे हक्क विकून आलेले दोन हजार डॉलरही त्यांनी त्या विद्यालयास दिले. त्या पैशातून विद्यार्थ्यांकरिता वसतिगृह उभारण्यात आले.

1892 साली, तेहतीस वर्षांच्या सेवेनंतर, हे वृद्ध जोडपे मायदेशी परतले. 1906 साली क्लाराबाई निवर्तल्या. 21 सप्टेंबर 1911 रोजी, वयाच्या सत्याण्णवाव्या वर्षी, डॉक्टरांनी देह ठेवला. आणि विलक्षण योगायोग असा की, त्याच दिवशी जपानातील ते वसतिगृह आगीत भस्म झाले.

इमारत गेली; परंतु विद्यार्थी मित्रहो, इंग्रजी नकाशाचे पुस्तक उघडून जपानचे पान काढा. तेथील गावांची नावे रोमन अक्षरांत लिहिण्याची जी पद्धत तुम्हांस दिसते, ती प्रायः हेपबर्न यांच्याच नावाने ओळखली जाते. जो मनुष्य चौदा वर्षे बोलू शकला नाही, त्याने ती वर्षे ऐकण्यात घालविली. आपल्यापुढेही एखादे दार बंद असेल, तेव्हा ते उघडण्याची वाट पाहताना हात रिकामे राहू नयेत, एवढे या दंपतीपासून आपण अवश्य शिकावे.