एक फुफ्फुस गेलं, नाचणं थांबलं. तरी शांती बर्धन यांनी मुंबईत ‘रामायण’ उभं केलं

‘सारे जहाँ से अच्छा’ आज ज्या चालीत म्हटलं जातं, ती चाल पंडित रविशंकर यांची, हे अनेकांना माहीत असतं. 1945 मध्ये त्यांनी ती इप्टा या नाट्यसंस्थेसाठी बांधली. इप्टाचं एक पथक तेव्हा मुंबईत अंधेरीला एकत्र राहायचं, एकत्र जेवायचं आणि दिवसभर तालीम करायचं. त्या पथकाचे नाच जो माणूस बसवत होता, त्याचं नाव मात्र आज फारसं कुणाला आठवत नाही.

ते होते शांती बर्धन.

जन्म 1916 चा, आता बांगलादेशात असलेल्या कोमिल्ल्याचा. मणिपुरी नृत्य शिकलेला हा तरुण अल्मोड्याला उदय शंकर यांच्या कलाकेंद्रात पोहोचला आणि तिथून गोष्ट बदलली.

नाचणं वेगळं आणि नाच बसवणं वेगळं. बॅलेच्या कंपनीत नर्तकाचं काम सांगितलेलं अंग नीट हलवण्याचं. कुणी कुठे उभं राहायचं, गोष्ट कशी पुढे जाणार, हे ठरवतो कोरिओग्राफर. उदय शंकर यांना ही दुसरी संधी फार लवकर मिळाली होती. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि मग लंडनमध्ये चित्रकला शिकलेल्या या मुलानं 1923 मध्ये थेट ॲना पाव्हलोव्हा या जगप्रसिद्ध रशियन नर्तकीच्या कंपनीसाठी भारतीय विषयांवरचे दोन नाच बसवले. त्यातल्या एकात तो कृष्ण झाला आणि पाव्हलोव्हा राधा!

बहुधा म्हणूनच अल्मोड्यात शिष्यांनी नुसती नक्कल करावी, असा आग्रह नव्हता. तिथे रोज एक तास सुचेल ते करून बघण्याचा असायचा. विषय मिळायचा, हालचाल ज्याची त्यानं शोधायची. 1944 मध्ये केंद्र बंद पडलं. पण तिथून बाहेर पडलेल्यांची यादी बघा. सचिन शंकर यांनी 1953 मध्ये मुंबईत स्वतःचं बॅले युनिट काढलं. गुरुदत्त पुण्याला प्रभात कंपनीत गेले आणि ‘हम एक हैं’साठी नाच बसवले. सिनेमाचं दिग्दर्शन नंतरचं.

बर्धन इप्टात आले. बंगालच्या दुष्काळाची जखम ताजी होती. ‘स्पिरिट ऑफ इंडिया’ आणि ‘इंडिया इम्मॉर्टल’ हे त्यांचे दोन मोठे बॅले याच काळातले. यात राजाराणी कमी आणि शेतकरी, मजूर, भुकेलेली माणसं जास्त. पथकातल्या अनेकांनी आधी नाच शिकलेलाही नव्हता. त्यांच्याकडून तो करून घ्यायचा, म्हणजे शास्त्रीय मुद्रांच्या पलीकडे काहीतरी शोधणं भागच होतं. पुढे पथक फुटलं. नेहरूंच्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ या पुस्तकावरचा बॅलेही बर्धन यांनीच बसवला, संगीत रविशंकर यांचं. 1947 मध्ये तो दिल्लीत झाला.

आणि मग क्षयानं गाठलं.

सॅनिटोरियममधला मुक्काम लांबला. एक फुफ्फुस कायमचं निकामी झालं. नर्तकासाठी याचा अर्थ वेगळा सांगायला नको. पस्तिशीच्या आसपासच्या माणसाला आता एक साधी उडीही स्वतः मारून दाखवता येणार नव्हती.

तरी 1952 मध्ये त्यांनी मुंबईत ‘लिटल बॅले ट्रूप’ काढला. सोबत होत्या इप्टाच्या पथकातल्याच नर्तकी गुल, ज्या गुल बर्धन झाल्या, आणि प्रभात गांगुली, अप्पुन्नी कर्ता यांच्यासारखे सहकारी. पैसा जवळपास नव्हताच.

पुढच्या वर्षी आलेल्या ‘रामायण’ची कल्पना आजही थक्क करते. गावच्या जत्रेत कळसूत्री बाहुल्यांचा खेळ लागतो आणि बाहुल्या रामाची गोष्ट सांगतात. आपल्या कोकणात पिंगुळीचे ठाकर बाहुल्यांमधून रामायण सांगतात, तशीच ही परंपरा. फरक एवढाच, की इथे बाहुल्या म्हणजे जिवंत नर्तक! चेहऱ्यावर मुखवटा, हात कोपरातून ताठ, मान झटक्यानं वळणारी, जणू वरून कुणीतरी दोरी ओढतंय. चेहऱ्याचे हावभाव, डोळ्यांची भाषा, सगळं बाद. राग, विरह, युद्ध, जे काही दाखवायचं ते या अवघडलेल्या अंगातूनच. ज्याचं स्वतःचं शरीर ऐकेनासं झालं होतं, त्या माणसानं दुसऱ्यांच्या शरीरांना बाहुल्या केलं, यातला योगायोग मनातून जात नाही.

त्यानंतरचं काम ‘पंचतंत्र’. कावळा, उंदीर, कासव, हरीण यांच्या मैत्रीची गोष्ट. आता माणसांची बाहुली नाही, प्राणी करायचा होता. कासव मान कशी काढतं, हरीण कान कसे टवकारतं, हे बघत, नर्तकांकडून पुन्हा पुन्हा करून घेत ते पुढे सरकत होते. पण सप्टेंबर 1954 मध्ये, वयाच्या अवघ्या 38 व्या वर्षी ते गेले. ‘पंचतंत्र’ अर्धवट राहिलं.

अशा वेळी कंपन्या सहसा मोडतात. उदय शंकर यांचं केंद्र तर ते हयात असतानाच बंद पडलं होतं. पण बर्धन यांना करून दाखवता येत नसल्यानं त्यांच्या नर्तकांना शोधायची सवय लागलेली होती. प्रभात गांगुली पुढे झाले आणि सगळ्यांनी मिळून उरलेलं ‘पंचतंत्र’ बसवलं. कालपर्यंत सांगितलेलं करणारे आता एकमेकांना सांगू लागले. काही फसलंही असेल. पण बॅले रंगमंचावर आला आणि ‘रामायण’बरोबर परदेशातही गेला. गांगुली पुढची कित्येक वर्षं या ट्रूपसाठी नवे बॅले बसवत राहिले.

1964 मध्ये ट्रूपनं मुंबई सोडली. आधी ग्वाल्हेर, मग भोपाळ. गुल बर्धन यांना 2010 मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी भोपाळमध्ये त्यांचं निधन झालं. तोवर ‘रामायण’मधल्या बाहुल्यांच्या मुखवट्यांआड नर्तकांच्या कितीतरी पिढ्या येऊन गेल्या होत्या. त्यांतल्या बहुतेकांनी शांती बर्धन यांना कधी पाहिलंही नव्हतं.